मोल, डझन आणि पुण्यातले 26 लिटर

अकरावी-बारावीच्या पालकांच्या ग्रुपवर परीक्षा जवळ आली की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘मोल म्हणजे मोठा डझन. एक मोल म्हणजे 22.4 लिटर. हा आकडा अ‍ॅव्होगाड्रोने मोजला. एवढं पाठ करा, मार्क पक्के.’

डझनाचं अर्धं खरं आहे. डझनात 12, मोलमध्ये 6.022×10²³ कण (अणू किंवा रेणू). पण मंडईत डझनभर केळी बोटांनी मोजता येतात, अणू कसे मोजणार? पुण्याच्या बोहरी आळीत खिळे मागितले तर दुकानदार एकेक मोजत बसत नाही, सरळ तराजूत टाकतो. एका खिळ्याचं वजन ठाऊक असलं की किती आले ते कळतंच. मोलचं सगळं काम या तराजूचं. 56 ग्रॅम लोखंड आणि 63.5 ग्रॅम तांबं, दोन्हींत अणू जवळपास तेवढेच, एकेक मोल. खायचा सोडा आणि व्हिनेगर घ्या. एका रेणूला एक रेणू असा हिशेब, म्हणून 84 ग्रॅम (एक मोल) सोड्याला व्हिनेगरमधलं 60 ग्रॅम (एक मोल) अ‍ॅसिटिक आम्ल लागतं. व्हिनेगर चार टक्क्यांचं असेल तर तब्बल दीड किलो ओतावं लागेल! सारख्या वजनाने मिसळणाऱ्यांच्या वाटीत सोडा तळाशी उरतो तो यामुळेच.

माझा खरा राग 22.4 वर. हा आकडा फक्त वायूंचा, तोही 0 अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या दाबाला. पाण्याचा एक मोल 18 ग्रॅम, म्हणजे चहाचे साडेतीन चमचे. वायूचंच बोलायचं तर पुणे साधारण 560 मीटर उंचावर, इथे हवेचा दाब मुळातच सहा-साडेसहा टक्के कमी. खोलीत 25 अंश धरले तर एक मोल हवा सुमारे 26 लिटर जागा घेते. आणि शून्य अंश आपल्या शिवाजीनगरला कधी पाहिलंय कुणी?

राहिला अ‍ॅव्होगाड्रो. 1811 मध्ये हा इटालियन शास्त्रज्ञ एवढंच म्हणाला, की सारख्या तापमान-दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच. आकडा त्याने काढलाच नाही. ज्यावरून हा आकडा काढता येतो तो हवेतल्या रेणूंच्या आकाराचा पहिला अंदाज ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ लोश्मिटचा, 1865 चा, तोवर अ‍ॅव्होगाड्रो वारून नऊ वर्षं झाली होती. त्याचं नाव आकड्याला दिलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ पेराँने, 1909 मध्ये.

आता तर तो आकडा कुणी मोजतही नाही. 20 मे 2019 पासून 6.02214076×10²³ असा ठरवूनच टाकलाय. मोजून पाहायचं ते कार्बन-12 (कार्बनचा नेहमीचा प्रकार) च्या एका मोलचं वजन.