निळा खांब, लाल खांब

शाळेत बार ग्राफला स्तंभालेख म्हणायचे आणि तेव्हा आमचं त्याच्याशी बरं चाललं होतं. आलेख कागद, टोक काढलेली पेन्सिल, उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण : Y अक्षावर १ सेमी = १० विद्यार्थी' एवढं लिहिलं की अर्धे मार्क खिशात. जोडस्तंभालेख आला तेव्हासुद्धा मी खांबांत तिरप्या रेघा इतक्या सुबक मारल्या होत्या की बाईंनी वही वर्गात फिरवली. खांब काढणं वेगळं आणि खांब वाचणं वेगळं, हे मात्र कळायला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत महिना भरून बसावं लागलं.

बँक पीओची, म्हणजे बँकेतल्या अधिकारी पदाची, प्रिलिम (पूर्वपरीक्षा) मी दिली तेव्हा क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, ३५ प्रश्न आणि २० मिनिटं होती, म्हणजे एका प्रश्नाला साधारण ३४ सेकंद, आणि हा भागाकार करण्यातच माझी पहिली ३४ सेकंद गेली. तयारी कशावर केलेली, तर झेरॉक्सच्या नोट्सवर, ज्यात निळा खांबही काळा, लाल खांबही काळा, आणि खाली प्रश्न काय तर 'लाल खांब निळ्यापेक्षा किती टक्के जास्त?' रूममेट म्हणाला, अंदाजाने कर ना, तर मी अंदाजाने केलं, आणि तो अंदाज चुकीच्या रंगाचा निघाला.

बरं रंग कळला तरी सुटका नाही. समजा निळा ३२० आणि लाल ४००. लाल हा निळ्याच्या १२५ टक्के, पण निळ्यापेक्षा २५ टक्क्यांनीच जास्त, उलट निळा मात्र लालपेक्षा २० टक्क्यांनी कमी आणि लालच्या ८० टक्के. खांब तेच दोन, जागचे हललेसुद्धा नाहीत, नुसतं 'च्या' चं 'पेक्षा' झालं की उत्तर बदललं (व्याकरणाचा पेपर वेगळा कशाला घेतात मग?). आणि ही चारही उत्तरं पर्यायांत असतात! पेपर काढणारा माणूस माझ्या सगळ्या चुका माझ्याआधी करून बसलेला असतो आणि प्रत्येकीला नंबर देऊन ठेवतो. पाचवा पर्याय 'यापैकी नाही', तो माझ्यासारख्या भाविकांसाठी.

हे खांब पहिल्यांदा उभे केले ते विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने, १७८६ साली. स्कॉटलंडच्या व्यापाराची त्याच्याकडे एकाच वर्षाची आकडेवारी होती, बाकीच्या वर्षांची नव्हती, मग रेघ कशी ओढणार, म्हणून त्याने १७ देशांचे खांब काढले. म्हणजे आकडे कमी पडले म्हणून निघालेली ही युक्ती, आणि आता माझे मार्क कमी पडतात ते तिच्यामुळे.

प्रत्यक्ष परीक्षेत तर कहर झाला. खांबांच्या डोक्यावर आकडेच नाहीत. एक खांब ३०० आणि ३५० च्या मधे कुठेतरी थांबलेला, आता तो ३२० का ३२५? मी पेन आडवं धरून स्क्रीनला टेकवलं, एक डोळा मिटला, गवंडी ओळंबा बघतो तसा, तेवढ्यात मागून सुपरवायझर मॅडम, "अहो, स्क्रीनला हात नका लावू." पेन काढलं तर मघाचा खांब नक्की कुठला तेच विसरलो. त्या ग्राफवरचे पाचही प्रश्न सोडून दिले, उत्तर चुकून पाव मार्क कापला जाण्यापेक्षा बरं म्हटलं. (खरं तर दोनाला ठोकून आलो.)

गावाला अण्णांना हे सगळं फोनवर सांगत होतो. ते डाळिंबवाले, त्यांना ग्राफबिफ काही नको. म्हणाले, "भाव ऐंशीचा साठ झाला तर पाव गेला. पण परत ऐंशी व्हायला साठाचा तिसरा हिस्सा चढावा लागतो, पाव चढून काय होतंय? पंच्याहत्तरच." हा प्रश्न क्लासच्या सरांनी आम्हाला तीन लेक्चर शिकवलेला.

"बरं, तू किती सोडवलेस?"

"पस्तीसातले चौदा."

"म्हणजे चाळीस टक्के," अण्णा म्हणाले. मी अजून पेन शोधत होतो.