कॅम्पस येईल, गाव कसं येणार?

मी इटलीत, बोलोन्या शहरात राहते. गेल्या दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा घरात एकच विषय होता. जून २०२५ मध्ये मुंबईतल्या कार्यक्रमात पाच परदेशी शिक्षणसंस्थांना इथे कॅम्पस उघडण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची इरादापत्रं दिली गेली. त्यांत ब्रिटनमधली यॉर्क आणि अॅबर्डीन विद्यापीठं, शिवाय मी राहते त्या इटलीचीच एक डिझाइन संस्था. नवी मुंबईत विमानतळाजवळ एज्युसिटी, म्हणजे अशा परदेशी विद्यापीठांची वसाहत, उभी राहणार. माझी भाची बारावीत आहे. काका म्हणाले, "आता पोरीला एवढ्या लांब कशाला धाडायचं? तीच डिग्री पनवेलला मिळेल." वहिनीनं सुटकेचा श्वास टाकला. तिला दोष देणार नाही. कर्ज काढून आलेल्या मुलांची ओढाताण मी जवळून बघते. पण तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, ते आता सांगते.

मी सात वर्षांपूर्वी बोलोन्या विद्यापीठात एम.ए. करायला आले. हे विद्यापीठ आपला जन्म १०८८चा मानतं, पण जुनेपणाचं अप्रूप मला महिनाभरच पुरलं. मनात घर केलं ते अर्किजिन्नाझिओच्या भिंतींनी. सोळाव्या शतकात विद्यापीठासाठी बांधलेल्या या इमारतीत आता शहराचं ग्रंथालय आहे. जिन्यात, ओवऱ्यांत, छतांवर विद्यार्थ्यांची कुलचिन्हं रंगवलेली, जवळजवळ सहा हजार. मान वर करून वाचत गेलं की गावांची, प्रांतांची नावं भेटतात. परमुलखातली पोरं इथे मुलखामुलखाचे संघ करून राहायची, त्या संघाला 'उनिव्हेर्सितास' म्हणायचे. शिक्षक तेच नेमायचे, पैसेही तेच द्यायचे. आज आपण ज्याला युनिव्हर्सिटी म्हणतो ती इथे घरापासून लांब आलेल्या पोरांच्या एकीतून उभी राहिली. बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं फर्मान काढलं की शिकायला निघालेल्याला त्याच्या गाववाल्याच्या कर्जापायी कुणी धरायचं नाही. म्हणजे तोवर धरत होते.

माझी पहिली परीक्षा तोंडी होती. इथे बहुतेक तशाच असतात. समोर प्राध्यापक, मागे बाकांवर आपली पाळी येईपर्यंत ऐकत बसलेली मुलं. वीस मिनिटं बोलले. प्राध्यापक म्हणाले, "तीसपैकी चोवीस. घेता?" मला कळेचना. मिळालेले गुण घेता का, असं पुण्यात मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मागून दक्षिण इटलीतल्या बारी शहरातली एक मुलगी कुजबुजली, "नको म्हण, पुन्हा ये." मी नको म्हटलं. पुढचे पाच आठवडे ती मुलगी रोज संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात मला प्रश्न विचारायची, आणि मी चुकीच्या इटालियनमध्ये भांडून उत्तरं द्यायची. दुसऱ्या खेपेला अठ्ठावीस मिळाले. तो अभ्यासक्रम उद्या पनवेलला शिकवता येईल, चांगलाही शिकवतील. ते स्वयंपाकघर मात्र करारात येत नाही.

अर्थात नुसतं जुन्या शहरात येऊन पडल्यानंही ते मिळत नाही. रेल्वेनं जेमतेम चाळीस मिनिटांवर फ्लॉरेन्स आहे. अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांचे एका सत्राचे कार्यक्रम तिथे वर्षानुवर्षं चालतात. मुलं येतात, आपल्याच सोबत्यांबरोबर फ्लॅटमध्ये राहतात, इंग्रजीत शिकतात, चार महिन्यांनी परततात. काही जण खरंच मिसळतात, त्यांना मी ओळखते. बाकीच्यांचं इटालियन कॉफी मागण्यापुढे जात नाही. कुंपण फ्लॉरेन्समध्येही घालता येतं, पनवेलमध्येही.

आणि मिसळायची जागा आपल्याकडे नाही असं थोडंच आहे? पुणं आहे की! लातूर-नांदेडची पोरं पेठांमधल्या खोल्यांत, मेसच्या ताटावर मोठी झाली, मीही त्यातलीच. माझ्या वर्गात सुदानचा एक मुलगा होता. खोलीसाठी त्यानं अकरा दारं वाजवली. फोनवर खोली असायची, चेहरा दिसला की जायची. बोलोन्यात माझं आडनाव ऐकून एका घरमालकानं तेच केलं तेव्हा मला तो आठवला. हे शहरही काही स्वर्ग नाही. जुन्या शहरातल्या खोल्या पर्यटकांना दिल्या की जास्त पैसे येतात, आणि विद्यार्थी शहराबाहेर ढकलले जातात.

म्हणून एज्युसिटीवरच्या चर्चेत मला दोन प्रश्न ऐकायचे आहेत, आणि अजून कुणी विचारताना दिसत नाही. तिथे शिकणाऱ्या मुलांना उलव्यात, पनवेलमध्ये घरं कोण देणार, कुठल्या भाड्यानं? आणि गडचिरोलीची मुलगी त्या वर्गात बसलेली असेल का, की तिथेही फी भरू शकणाऱ्यांचाच घोळका? या दोन्हींची उत्तरं चांगली असतील तर काकांचं म्हणणं मी आनंदानं मान्य करीन.

भाचीला मी एवढंच सांगितलंय, बारावी झाली की जूनमध्ये ये. इथल्या तोंडी परीक्षा कुणालाही ऐकता येतात. दोन दिवस मागच्या बाकावर बस, भाषा कळली नाही तरी चालेल. मग पनवेल की बोलोन्या, ते तुझं तू ठरव.