फिजीचं नाव माझ्यासमोर घेऊ नका

"नऊ लाखांचा फिजी ऑलिम्पिकचं सोनं नेतो आणि आपल्याला 140 कोटींत सात माणसं सापडत नाहीत!"

काल हे वाक्य मी पुन्हा ऐकलं, आणि या वेळी थेट माइकवरून. समोर सतरंजीवर माझ्या रग्बी संघाच्या बारा पोरी बसल्या होत्या. राज्य स्पर्धेतून आदल्या रात्री परतलेल्या, कोपरांवरच्या खपल्या अजून ओल्या. सत्कार त्यांचाच होता. प्रमुख पाहुण्यांच्या हातात त्यांना द्यायचे गुलाब होते आणि तोंडात हे वाक्य. सभागृहात हशा पिकला, टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचेच चार शिक्षक होते, ते मी बघून ठेवलंय.

मला माइक मिळाला नाही. आभार मानायचं काम दुसऱ्या सरांकडे होतं. म्हणून इथे लिहितेय. रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही.

पाहुणे तेवढ्यावर थांबले नाहीत. "आपल्या जळगाव जिल्ह्याचीच लोकसंख्या 42 लाख," ते म्हणाले. "त्यात चार फिजी मावतील. मग ऑलिम्पिकला आपलं नाव का जात नाही? पाठवायला पाहिजे. प्रयत्न कमी पडतात." आणि मग माझ्या पोरींकडे बोट करून, "तुम्ही मनावर घ्या. जिद्द पाहिजे, जिद्द!"

जिद्द यांनी शिकवायची? त्या पोरींना?

आणि नाव पाठवायचं म्हणजे कुठे पाठवायचं हो? ही काय गावातल्या गणेश मंडळाची रस्सीखेच आहे, शंभर रुपये भरले की संघ उतरला? ऑलिम्पिकच्या रग्बी सेव्हन्सला, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीला, पुरुषांचे 12 आणि महिलांचे 12 संघ जातात. पॅरिसला ते कसे ठरले ते ऐका. एक जागा यजमान फ्रान्सची. चार जागा वर्षभराच्या जागतिक मालिकेत वर आलेल्या संघांच्या. सहा जागा सहा विभागांच्या, प्रत्येकी एक. आणि उरलेली एक, सगळीकडून हुकलेल्यांची शेवटची स्पर्धा जो जिंकेल त्याची. करा बेरीज. अख्ख्या आशियाच्या वाट्याला हक्काची जागा एक. चीन, जपान, कोरिया, हाँगकाँग, श्रीलंका, थायलंड, भारत, सगळ्यांत मिळून एक.

सेव्हन्स ऑलिम्पिकमध्ये आल्यापासून तीन ऑलिम्पिक झाली. पुरुषांची ती जागा 2016 ला, रिओसाठी, जपानने घेतली. टोकियोला जपान यजमान म्हणून आधीच आत होता, तेव्हा दक्षिण कोरियाने घेतली. पॅरिसला पुन्हा जपान. महिलांमध्ये जपान, चीन, जपान. आणि हा जपान कोण? रिओत ज्याने न्यूझीलंडला 14-12 ने हरवलं आणि चौथा आला, तो. भारताला आधी आशियाच्या दुसऱ्या फळीतून, म्हणजे 'ट्रॉफी' नावाच्या स्पर्धेतून, पहिल्या फळीत चढायचं, तिथे टिकायचं, आणि मग या जपानला हरवायचं. आपल्या मुली 2022 मध्ये जकार्त्याला त्याच ट्रॉफीत रौप्यपदक घेऊन आल्या. कालच्या सभागृहातल्या किती जणांना ठाऊक आहे? टाळ्या वाजवायला तेव्हा कुणीच नव्हतं.

फिजी काय आशियातून येतो का? फिजी जागतिक मालिकेतला मातब्बर संघ. पॅरिसला तो त्या चार जागांतूनच थेट आत गेला, खंडाच्या दारात उभं राहायची त्याला गरजच पडली नाही. आणि सोनं आणलं म्हणता, तर त्यांनी काय केलं तेही सांगा ना! रिओत ब्रिटनला 43-7 ने लोळवलं. त्या देशाचं आयुष्यातलं पहिलं ऑलिम्पिक पदक. नंतर फिजीने सात डॉलरची नोट काढली, खास त्या विजयासाठी, त्यावर तो संघ छापला. टोकियोला पुन्हा सुवर्ण. देश सातच्या खेळासाठी नोट छापतो. आमच्याकडे सातच्या खेळासाठी चुन्याची फक्की मागितली तर कारकून विचारतो, "मागच्या महिन्यातच दिली होती ना?"

लोकसंख्येचं एवढंच असेल तर ब्रिटनचं बघा. साडेसहा कोटींच्या वर माणसं, इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्सचे खेळाडू एकत्र करून केलेला संघ, रिओचं रौप्य गळ्यात. पॅरिसला त्यांचे पुरुष पोहोचलेच नाहीत. मोनॅकोत शेवटच्या जागेसाठी दक्षिण आफ्रिकेकडून हरले आणि घरी गेले. त्या दक्षिण आफ्रिकेची गोष्ट तर मी पोरींना दर महिन्याला सांगते. जागतिक मालिकेतून हुकले. मग हरारेत आफ्रिकेची स्पर्धा, तिथे अंतिम सामन्यात केनियाने 17-12 ने हरवलं. दोन दारं बंद. जून 2024 मध्ये मोनॅकोचं शेवटचं दार उघडून आत गेले, बाराव्या जागेवरून. आणि पुढच्या महिन्यात पॅरिसला न्यूझीलंडला बाहेर काढलं, ऑस्ट्रेलियाला हरवून कांस्यपदक घेतलं. असे संघ जिथे उंबरठ्यावर अडखळतात, तिथे आमच्या पोरींना हे सांगणार की जिद्द कमी पडते!

आणि ती वरची मालिका? 2022-23 ला तिच्यात पुरुषांचे 16 संघ खेळत होते. पुढच्या वर्षी 12 केले. आता 8. ज्यांच्याकडे सामने आहेत त्यांनाच आणखी सामने, पॅरिसला थेट गेलेले चारही त्या मालिकेतलेच. खालच्या संघाने सुधारायचं कुणाशी खेळून? पैशाकडे पैसा जातो तसे सामन्यांकडे सामने जातात. मला याची खरोखर चीड येते. खेळ जगभर पसरवायचा म्हणतात आणि शिडीच्या वरच्या पायऱ्या काढून घेतात. पण ही चीड मी इथे कुणासमोर काढू? इथे अजून "रग्बी म्हणजे ते हेल्मेटवालं ना?" यातून सुटका नाही. नाही हो. हेल्मेटवालं अमेरिकन फुटबॉल. आठ वर्षं सांगतेय. तोच माणूस, तोच प्रश्न, त्याच टपरीवर.

आता राज्य स्पर्धेचं सांगते, कारण ते कालच्या कार्यक्रमात कुणी विचारलंच नाही.

तिथेही चार-चार संघांचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांतले चांगले दोन. ऑलिम्पिकला असतं तसंच. आम्ही एक जिंकलो, दोन हरलो, गटात तिसऱ्या. दुसऱ्या गटातल्या तिसऱ्या संघाचे गुण आमच्याएवढेच. मग फरक मोजायचा, किती केले आणि किती दिले. आमच्या शेवटच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला डावीकडच्या पोरीने ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची पावरा आदिवासी पोर आहे. रोज चार किलोमीटर चालत शाळेत येते. ती धावायला लागली की मागच्या पोरी थांबून बघतात. पण दोघींनी तिला कडेला रेटलं आणि चेंडू टेकला तो अगदी कोपऱ्यात. पाच गुण मिळाले. वरचे दोन मिळवायला त्याच रेषेत मागे जाऊन किक मारायची, तीही ड्रॉप किक, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकायचा आणि उसळताक्षणी मारायचा. खांबांमध्ये टेकवला असता तर झोपेतही गेली असती. कोपऱ्यातून दोन खांब एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात.

किक चांगली होती. उजव्या खांबाला आतून लागली आणि बाहेर आली. तो टण्ण आवाज अजून माझ्या कानात आहे.

एका गुणाने बाहेर गेलो. एका!

किक मारणारी पोर परतीच्या प्रवासात कुणाशी बोलली नाही. भुसावळ येईपर्यंत खिडकीला डोकं लावून बसली होती. काल सत्कारात ती पहिल्या रांगेत होती. पाहुणे "सात माणसं सापडत नाहीत" म्हणाले तेव्हा तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिला वाटलं हे तिलाच बोलताहेत. कार्यक्रम संपल्यावर तिची आई न्यायला आली, शेतातून तशीच आलेली, आणि मला विचारते, "काय व्हयनं मॅडम? पोर काबर रडी ऱ्हायनी?" काय सांगू मी त्या माउलीला? तुमच्या पोरीला आम्ही हार घालायला बोलावलं आणि हिणवून पाठवलं, असं सांगू?

पाहुणे आणि मंडळी तोवर भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर बसली होती. पोरींना बिस्किटाचा एकेक पुडा.

ज्यांना जिद्द शिकवायचीय त्यांनी सकाळी साडेपाचला या. टॅकलच्या, म्हणजे समोरचीला धरून पाडायच्या, सरावाचे गादीसारखे पॅड आमच्याकडे नाहीत. केळीचा घड कापला की शेतकरी खांब तोडून बांधावर टाकतात, ते आम्ही बैलगाडीतून आणतो. उभा खांब एकीने धरायचा, दुसरीने खांदा घालून आडवा करायचा. आतून ओला, माणसाएवढा जड, पडला की धप्प आवाज होतो. दोन दिवसांत त्याचा लगदा होतो, मग नवीन आणायचा. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. माझ्या पोरींच्या जर्सी खांद्यावर काळ्या पडल्यात ते त्यामुळे. राज्य स्पर्धेत दुसऱ्या संघाच्या पोरी त्या डागांना हसल्या. आमच्या पोरींनी त्यांना हरवलं, तो एक सामना जिंकलो तो तोच.

चेंडू तीन आहेत. एकाची शिवण उसवलीय. वर्षभरात खरे सामने मिळतात मोजून सहा. सहा! परगावी जाऊन खेळायचे म्हटले की प्रवासाचा खर्च कोण देणार, इथे गाडं अडतं. स्पर्धेचं पत्र येतं स्पर्धेच्या तीन दिवस आधी, आणि चोपड्याहून बारा पोरींना घेऊन निघायचं तर बारा घरी जाऊन बारा बापांची समजूत मीच काढायची. "पोरीचे दात पडले तर लगीन कोन करी?" हे मी किती वेळा ऐकलंय. दोन वर्षांपूर्वीची माझी सगळ्यात चांगली खेळाडू बारावीच्या निकालाआधी सासरी गेली. तिच्याइतका अचूक पास देणारी पोर मला पुन्हा मिळालेली नाही.

स्टाफरूममध्ये एक सर काल समजूत घालायला आले. म्हणे, "मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. 2036 चं ऑलिम्पिक आपल्याकडे आलं की यजमान म्हणून थेट एन्ट्री." हे ऐकून तर माझा पारा आणखी चढला. यजमानाची जागा म्हणजे काय ते 2010 ला दिल्लीत बघितलंय आपण. राष्ट्रकुल स्पर्धेत घरचे म्हणून उतरलो, न्यूझीलंड सुवर्ण घेऊन गेलं, आपण एकही सामना न जिंकता परत. दार कुणी उघडून दिलं म्हणून आत जाऊन मार खायचा का? माझ्या पोरींना फुकटची जागा नको. त्यांना सामने हवेत. महिन्याला दोन तरी, चांगल्या संघांशी, गवताच्या मैदानावर. मग हरल्या तर मी स्वतः ओरडेन त्यांच्यावर, दुसऱ्या कुणाला बोलायची गरज पडणार नाही.

आणि मैदानाचं म्हणाल तर लग्नसराई लागली. तुळशीचं लग्न झालं की आमचं मैदान आमचं राहत नाही. मांडवाचे खांब रोवायला मुरमात हातभर खड्डे करतात आणि बुजवत कुणीच नाही. मागच्या वर्षी तशाच एका खड्ड्यात पाय जाऊन एकीचा घोटा सुजला, दीड महिना घरी बसली. लेखी तक्रार केली होती. उत्तर अजून यायचंय.

उद्यापासून चार दिवस पुन्हा मांडव आहे. आज दुपारी कळलं, तेही मांडववाल्याकडून. एका पालकांचं केळीचं शेत या आठवड्यात रिकामं झालंय, तिथे सराव घ्या म्हणालेत. खांब अजून उचललेले नाहीत. मी आत्ता तेच बघायला निघालेय. किक मारणारीला निरोप पाठवलाय, चेंडू घेऊन ये म्हणून. शिवण उसवलेला नव्हे, चांगला.