जुना पासपोर्ट फाडू नका, नवा मोबाईलमध्ये शोधू नका

रविवारी दुपारी मावशीचा फोन आला. "अगं, पुठ्ठा जाड आहे, कात्री चालत नाहीये. जाळून टाकला तर चालेल का?" कसला पुठ्ठा म्हणून विचारलं, तर म्हणाली, जुना पासपोर्ट. मी फोनवर ओरडलेच. तोवर मुखपृष्ठाच्या कडेला अर्धा इंच चीर गेली होती. आतलं पान थोडक्यात बचावलं, आणि त्या पानावर अमेरिकेचा 2029 पर्यंतचा व्हिसा आहे. पुढच्या महिन्यात ती लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघाली आहे.

तिला हे करायला लावणारा मेसेज आता चार ग्रुपवरून माझ्याकडेही आलाय. त्यात म्हटलंय: ई-पासपोर्ट आल्यामुळे पासपोर्टची पुस्तिका बाद झाली, मोबाईलमधला फोटो पुरतो. जुना पासपोर्ट घरात ठेवणं गुन्हा आहे, नष्ट करा. नव्या पासपोर्टच्या चिपमधून चोर बँक खातं रिकामं करतात, म्हणून तो फॉइलमध्ये गुंडाळा. आणि नेपाळला आता सगळ्यांना आधार कार्डावर जाता येतं. खाली 'जनहितार्थ जारी'.

सगळ्यात आधी जुन्या पासपोर्टचं बघू, कारण नुकसान तिथे होतं. नवा पासपोर्ट मिळताना जुन्यावर रद्दचा शिक्का मारतात, कोपरा कापतात आणि तो आपल्याला परत देतात. गुन्हा असता तर सरकारने स्वतःच्या हाताने परत का दिला असता? 1967 च्या पासपोर्ट कायद्याचं 17 वं कलम सांगतं की पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. ती कापायचा किंवा जाळायचा अधिकार मावशीलाही नाही आणि मेसेज लिहिणाऱ्यालाही नाही.

शिवाय पासपोर्ट रद्द झाला म्हणजे आतला व्हिसा रद्द झाला असं होत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची सूचना याबाबत अगदी स्पष्ट आहे: व्हिसा मुदतीत असेल आणि त्याचं पान धड असेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट घेऊन या. व्हिसा सोडवून नव्या पासपोर्टमध्ये लावलात तर तो बाद. म्हणजे ते एक पान मावशीच्या कात्रीखाली गेलं असतं तर पुन्हा अर्ज, पुन्हा 185 डॉलर फी, पुन्हा मुलाखतीच्या तारखेची वाट. बाळ काही तोवर थांबलं नसतं. दुसऱ्या देशांचे नियम वेगळे असू शकतात. ते त्या त्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघावेत, ग्रुपवर विचारू नयेत. आणि व्हिसा संपला असला तरी जुना पासपोर्ट ठेवाच. व्हिसाच्या अर्जांत मागच्या फेऱ्यांच्या तारखा विचारतात, त्या दुसरीकडे कुठे सापडणार?

ज्यांच्याकडे चिप नसलेला पासपोर्ट आहे त्यांनीही धावाधाव करू नये. मुदत संपेपर्यंत तो पूर्ण वैध आहे, हे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलेलं आहे.

आता 'मोबाईलमधला पासपोर्ट'. घोळ नावातल्या 'ई'मुळे झालाय. ई-तिकीट फोनवर दाखवतो, तसाच ई-पासपोर्ट असणार असं लोकांना वाटतं. मावशीच्या नव्या पासपोर्टच्या मुखपृष्ठावर खाली एक छोटं सोनेरी चिन्ह आहे, मधे गोल असलेला आडवा आयत. पुस्तिकेत चिप बसवली आहे एवढाच त्याचा अर्थ. एप्रिल 2024 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरुवात झाली तेव्हा आपलं नागपूर त्यात होतं, आणि या पुस्तिका छापल्या जातात नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. पुस्तिका बाद झाली असती तर नाशिकला छपाई कशासाठी चालली असती? चिपमधली माहिती सरकारच्या डिजिटल सहीने बांधलेली असते आणि काउंटरवरचं यंत्र ती सही तपासतं. पानाचा फोटो काढला की हातात फक्त फोटो येतो, चिप नाही आणि सहीही नाही.

इथे एक अर्धसत्य आहे, ते मान्य करते. डिजिलॉकर या सरकारी ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानावीत असा नियम 2017 पासून आहे. डिजियात्रेने चेहरा दाखवून विमानतळात जाता येतं हेही खरं. पण डिजियात्रा 2022 मध्ये सुरू झाली ती देशांतर्गत प्रवाशांसाठी, आणि डिजिलॉकरचा नियम भारताचा आहे. न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळाच्या काउंटरवरचा अधिकारी त्याने बांधलेला नाही. इमिग्रेशनची रांग टाळायला जी स्वयंचलित दारं आता काही विमानतळांवर आली आहेत, तिथेसुद्धा पासपोर्ट यंत्रावर ठेवावाच लागतो.

फॉइलचं एवढंच: चिपमध्ये बँक खात्याचा नंबर नसतोच. ती वाचायला यंत्र जवळजवळ चिकटवावं लागतं, आणि त्याआधी पासपोर्ट उघडून माहितीच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी वाचाव्या लागतात. बंद पर्समधल्या पासपोर्टमधून पैसे जात नाहीत. पैसे जातात ते पासपोर्टचे फोटो ओळखीअनोळखीच्या ग्रुपवर टाकल्याने आणि 'ई-पासपोर्ट चालू करा' असल्या लिंकवर फी भरल्याने. त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

राहिलं नेपाळ. 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या भारतीयांना आधार चालतं, ही सवलत 2019 मध्ये मिळाली. मेसेजवाल्याने वयाची अट गाळली आणि 'सगळ्यांना' लिहून टाकलं. मधल्या वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्रच लागतं. आमच्या सोसायटीतून मुक्तिनाथला निघालेल्या तेरा जणांपैकी आठ जण पन्नाशीतले आहेत आणि सगळ्यांनी बॅगेत फक्त आधार ठेवलंय. त्यांनी आजच मतदार कार्ड शोधायला घ्यावं.