उकिडवं बसायची सवय

"आपल्या माणसाला उकिडवं बसायची सवय असते." हे ज्याने लिहिलं तो माझा वर्गमित्र. चाकण-तळेगाव पट्ट्यात कारखान्यांच्या फ्लोअरिंगची कामं घेतो. स्वतः खुर्चीवरून उठताना "आई गं" म्हणतो.

निमित्त साधं होतं. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी जर्मनीतल्या माझ्या साइटवरचा एक व्हिडिओ टाकला. ओल्या काँक्रीटची कड घोटणारं बॅटरीवरचं छोटं यंत्र, वर लांब दांडा, माणूस ताठ उभा. त्यावर याचं उत्तर आलं: गोऱ्यांचे चोचले, एवढ्या पैशात माझी गँग महिनाभर गुरमाळा (हाताने घोटायची थापी) मारेल, वर ते सवयीचं वाक्य. खाली अंगठ्यांची रांग. आणखी एकाने गळा काढला की यंत्रं आली की हाताची कला मरते. कला! याने हातात गुरमाळा धरलेला मी तरी पाहिलेला नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोदामाचा फ्लोअर ओतला की मधला भाग मोठी पॉवर ट्रॉवेल, म्हणजे फिरत्या पात्यांचं यंत्र, घोटते. भिंत, खांब, पाइप, ड्रेनचं चॅनेल यांच्या लगतची पट्टी मात्र तिच्या आवाक्यात येत नाही, पाती आपटतात. ती पट्टी माणूस खाली बसून हाताने घोटतो, आणि फ्लोअरचा घेर मोठा असला की तो माणूस रात्रभर खालीच असतो. कडेचं यंत्र म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरचा पंखा आणि त्याभोवती मोकळं फिरणारं कडं. कडं भिंतीला टेकून घरंगळत जातं, पाती आत फिरत राहतात. काटकोनातले कोपरे त्यालाही जमत नाहीत, गोल वस्तू कोपऱ्यात शिरणार कशी? तेव्हा कलेच्या रक्षकांनी निर्धास्त राहावं, कोपरे त्यांच्यासाठी शिल्लक आहेत.

आता सवयीबद्दल. मी श्टुटगार्टजवळ बाउलायटर, म्हणजे साइट मॅनेजर आहे. इथे २००९ पासून गुडघ्यांची झीज हा कामामुळे होणारा आजार म्हणून कायद्याच्या यादीत आहे. अट अशी की आयुष्यभरात मिळून किमान १३,००० तास गुडघ्यांवर भार पडलेला हवा, पाळीत निदान एक तास. आणि भार म्हणजे फक्त गुडघे टेकणं नाही. टाचांवर बसणं, रांगणं, उकिडवं बसणं, सगळं धरतात. ऐकतोयस ना? उकिडवं बसणं. दिवसाला चार तास आणि वर्षाला अडीचशे दिवस धरले तर तेरा वर्षांत हा आकडा भरतो. म्हणजे अठराव्या वर्षी तुझ्या गँगमध्ये आलेला पोरगा एकतिसाव्या वर्षी इथल्या हिशेबाने भरपाईला लागणारे तास भरून बसलेला असतो, आणि तू त्याला सवय म्हणतोस.

जर्मन माणूस दयाळू आहे असं मला म्हणायचं नाही. केरवोखे, म्हणजे जिना झाडायची पाळी, चुकली म्हणून दारावर चिठ्ठी चिकटवणारी माणसं ही. पण झिजलेल्या गुडघ्याचं बिल शेवटी बेगे बाउला, म्हणजे बांधकाम कामगारांच्या अपघात-विमा संस्थेला येतं, म्हणून तीच बेगे बाउ पाठ-गुडघे वाचवणाऱ्या कितीतरी साधनांच्या खरेदीला आधीच पैसे देते. कुणीतरी गुडघ्याची किंमत मांडली, मग यंत्र स्वस्त दिसू लागलं. आपल्याकडे यंत्राची किंमत ठेकेदार भरतो आणि गुडघ्याची गवंड्याची बायको. मग चोचले वाटणारच.

खरं तर या यंत्राची गरज इथल्यापेक्षा तिकडे जास्त आहे. काँक्रीटवर आलेलं पाणी उडून जायला हवं, बुटाचा ठसा साधारण ६ मिलिमीटर खोल उमटायला हवा, तेव्हा पहिला हात फिरवायचा. इथे नोव्हेंबरात ती वेळ यायला तासन्‌तास लागतात. चाकणला मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, ती येते आणि निघूनही जाते. दोन माणसं गुरमाळे घेऊन शंभर मीटर कडेमागे किती धावणार? मग कड आवळते, ती मऊ करायला पाणी शिंपडतात, वर कोरडं सिमेंट भुरभुरतात, त्या दिवशी आरसा दिसतो. वर्षभरात त्याच आरशाची पूड निघते आणि सगळे मिळून सिमेंट कंपनीला शिव्या देतात.

ओलं सिमेंट त्वचा जाळतं, हे मी त्याला सांगायला नको. पीएच बाराच्या वर, आणि पँट भिजली की गुडघ्याला चटका लगेच कळतही नाही. युरोपात सिमेंटमधल्या त्वचेला बाधणाऱ्या क्रोमियमवर २००५ पासून २ पीपीएमची (दहा लाखांत दोन भाग) मर्यादा आहे. तरी इथे नीपॅड आणि हातमोज्यांशिवाय कोणी खाली बसत नाही.

ग्रुपवर एक गोष्ट मी लिहिली नाही. व्हिडिओत ताठ उभा असलेला तो माणूस रुमानियाचा आहे. माझ्या साइटवर कडेच्या कामाला येणारे रुमानियाचे, बोस्नियाचे, तुर्की. दुपारी ओतलेल्या फ्लोअरची घोटाई पहाटेपर्यंत चालते, तेव्हा दिवसाला दहा तास कामाच्या कायदेशीर मर्यादेचं काय होतं हे सबकॉन्ट्रॅक्टरला मी विचारत नाही. कागदावर सही असते, मी घरी जातो. चाकणला खाली बसलेला माणूस मराठवाड्याचा असतो नाहीतर बिहारचा, बंगालचा. माझा मित्र एकीकडे त्यांच्या जिवावर कामं उरकतो आणि संध्याकाळी 'बाहेरच्यांचे लोंढे' फॉरवर्ड करतो. इथेही निवडणूक आली की बाहेरच्यांवर बोललं जातं. तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी मान डोलावतो, कारण मला वाटतं ते त्या रुमानियनबद्दल बोलतायत. आणि गंमत म्हणजे तो युरोपियन युनियनचा, त्याला परवाना लागत नाही. रांगेत फाइल घेऊन मी उभा असतो.

"तू तिकडे बसून शिकवू नकोस," असं ग्रुपवर शेवटी आलंच. हे ठेवणीतलं अस्त्र आहे, पाण्याच्या टँकरपासून गणपतीच्या डीजेपर्यंत कुठल्याही वादात चालतं. लागतंही. इथे माझ्या मताला फ्लोअरिंगपुरती किंमत आहे आणि तिकडे आता तेवढीही राहिलेली नाही. म्हणूनच बहुधा कडेच्या वीतभर पट्टीवरून मी इतका इरेला पेटलो.

पण हिशेब हिशेबच. १९९६ च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर कामगारांसाठी कापला जातो. देशभरात त्यातले हजारो कोटी पडून राहिल्याबद्दल २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना झापलं. महाराष्ट्रातलं मंडळ त्याच पैशांतून भांड्यांचे संच वाटतं. कुकर जरूर द्या, पण कडेच्या यंत्रांची भाडेपेढी काढायला कुणी हात धरलेत? आणि ठेकेदार म्हणून तुला जमेल ते तूही कर. दर देताना सगळा फ्लोअर चौरस मीटरमध्ये मोजतोस, कड त्यातच बुडते. पुढच्या कोटेशनमध्ये कड वेगळी लाव, धावत्या मीटरने, यंत्राच्या भाड्यासकट. कंपनीचा माणूस कुरकुर करेल, त्याला पूड निघालेल्या कडेचे फोटो दाखव, तुझ्याकडे ढिगाने असतील. ड्रॉइंग पाठवलंस तर कडेचे मीटर मी इथून काढून देतो, फुकट.