घानाची निवडणूक मशीनने नाही, कागदाने तगली

ईव्हीएमचा वाद तापला की एक दावा हमखास पुढे ढकलला जातो: घानाने बायोमेट्रिक मशीन आणले, म्हणून तिथे बोगस मतदान संपले आणि सत्तांतरे शांततेत होऊ लागली; शेजाऱ्यांनी ते आणले नाही, म्हणून तिथे लष्कर आले. यातला जवळपास प्रत्येक तुकडा चुकीचा आहे.

आधी तारखा बघू. ठसा तपासणारे यंत्र घानातल्या मतदान केंद्रांवर पहिल्यांदा आले डिसेंबर 2012 मध्ये. एनडीसी आणि एनपीपी हे तिथले दोन मोठे पक्ष. रॉलिंग्ज यांच्या एनडीसीकडून कुफुओर यांच्या एनपीपीकडे सत्ता गेली ती जानेवारी 2001 मध्ये, आणि जानेवारी 2009 मध्ये ती परत एनडीसीकडे आली. त्या दुसऱ्या खेपेला एनडीसीचे अटा मिल्स अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत अवघ्या 40,586 मतांनी जिंकले. केंद्रे साधारण 22 हजार, म्हणजे केंद्रामागे दोन मतांचाही फरक नाही. टेन मतदारसंघात ठरल्या दिवशी मतदान झाले नव्हते. ते 2 जानेवारीला घेऊन मग निकाल लागला. हे सगळे मशीनशिवाय पार पडले.

ते कशामुळे जमले? 1992 च्या निवडणुकीवर विरोधकांचा इतका अविश्वास होता की अध्यक्षपदाचा निकाल बघून एनपीपीने संसदेच्या निवडणुकीवर बहिष्कारच घातला. त्यानंतर, 1994 मध्ये, निवडणूक आयोगाने सर्व पक्षांची सल्लागार समिती बसवली. तिला तिथे ‘आयपॅक’ म्हणतात. 1996 पर्यंत पारदर्शक मतपेट्या आणि फोटो ओळखपत्रे आली. आजही मते हातानेच मोजतात, आणि तीही केंद्रावरच. यंत्र फक्त ‘हाच तो मतदार’ एवढे सांगते. मत कोणाला पडले आणि किती पडली, याच्याशी त्याचा संबंध नाही.

संध्याकाळी पाचला रांगेत असलेल्यांचे मतदान आटोपले की पेटी सगळ्यांसमोर उघडतात. मतपत्रिका उमेदवारवार लावतात, बाद झालेल्या बाजूला काढतात. पेटीतला आकडा दिलेल्या मतपत्रिकांशी ताडून बघतात. मग केंद्राध्यक्ष निकालपत्र भरतो, पक्षांचे प्रतिनिधी सह्या करतात आणि प्रत्येकाला एक प्रत मिळते. हीच ‘पिंक शीट’. आपल्याकडच्या फॉर्म 17सीवर केंद्रात झालेल्या एकूण मतदानाची नोंद प्रतिनिधीच्या हाती पडते. पिंक शीटवर उमेदवारवार मते असतात, कारण मोजणी तिथेच झालेली असते. त्यामुळे पक्ष आपापल्या प्रतींची बेरीज स्वतंत्रपणे करू शकतात. कोडेओ ही निरीक्षक संघटना 2008 पासून निवडक केंद्रांच्या आकड्यांवरून निकाल पडताळते. मतदारसंघ पातळीवर कोणी आकडा फिरवला, तर तो इथे पकडला जातो.

‘मशीन आले आणि वाद संपले’ हे तर उलटेच आहे. 2012 मध्ये नियम होता: पडताळणी नाही तर मत नाही. अनेक ठिकाणी यंत्रे बंद पडली आणि मतदान दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबले. पुढे आठ महिने सर्वोच्च न्यायालयात खटला चालला, टीव्हीवर थेट. भांडण कशावर? पिंक शीटवर. ‘सी-3’ या रकान्यात ठशाशिवाय मत दिलेल्यांची संख्या लिहायची होती. आयोगाचे म्हणणे असे की फॉर्म आधीच छापले गेले होते, रकाना कोरा ठेवा असे कर्मचाऱ्यांना सांगितले होते, तरी काहींनी तो भरला. विरोधकांच्या लेखी पडताळणीशिवाय मतदान झाल्याचा तोच पुरावा. सह्या नसणे, एकच अनुक्रमांक अनेक फॉर्मवर असणे हेही आक्षेप होते. 29 ऑगस्ट 2013 रोजी याचिका फेटाळली गेली, आणि निवडणूक हरलेले एनपीपीचे उमेदवार अकुफो-अडो यांनी निकाल मानला. 2016 मध्ये तेच जिंकले.

शेजाऱ्यांबद्दलचा भाग तर हास्यास्पद आहे. बुर्किना फासोत मतदारनोंदणी 2012 मध्येच बायोमेट्रिक झाली. 2022 मध्ये तिथे दोनदा उठाव झाला. मालीत 2013 ची निवडणूक बायोमेट्रिक नोंदणीवरच्या ‘निना’ कार्डावर झाली, 2020 मध्ये लष्कर आले. नायजरमध्येही तेच: 2020 च्या निवडणुकीआधी यादी बायोमेट्रिक, जुलै 2023 मध्ये सत्तापालट. नायजेरियात लष्कर आले नाही, पण 2023 मध्ये ठसे व चेहरा तपासणारी यंत्रे असूनही अध्यक्षपदाची केंद्रनिहाय निकालपत्रे ऑनलाइन वेळेवर चढली नाहीत, आणि सगळा संशय तिथेच उभा राहिला.

घाना निर्दोष आहे असेही कोणी समजू नये. जिल्हा प्रशासनाचे प्रमुख आजही राष्ट्राध्यक्षच नेमतात, जिल्हा सभेच्या दोन तृतीयांश मंजुरीने. सभेतले 30 टक्क्यांपर्यंत सदस्यही नेमलेलेच. 2020 च्या निवडणुकीत माणसे मेली. आणि डिसेंबर 2024 मध्ये, जिथे अध्यक्षपदाला हरलेले एनपीपीचे बावुमिया यांनी दुसऱ्याच दिवशी एनडीसीच्या महामांना फोन करून विजयाचे अभिनंदन केले, त्याच निवडणुकीत अब्लेकुमा नॉर्थ या एका मतदारसंघाचा संसदेचा निकाल सात महिने लागला नाही. निकालपत्रे एकत्र करण्याच्या कामात गोंधळ झाला, काही केंद्रांच्या फक्त स्कॅन प्रती उरल्या, आणि केंद्राध्यक्षांनी पडताळणी न केलेल्या प्रती धरायच्या का यावर अडले. शेवटी 11 जुलै 2025 रोजी 19 केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावे लागले, आणि त्यातही मारहाण झाली.