सोनेरी कडेखालचे चित्र पुस्तकाइतकेच जुने असते काय?

आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातील रॉबर्ट मुडी यांच्या १८३७ सालच्या ऋतुविषयक पुस्तकांच्या छोट्या चित्रफिती २०१३ मध्ये जगभर पसरल्या: मिटलेल्या पुस्तकाची पाने तिरकी सरकवली की पानांच्या कडेवर लपलेले रंगीत चित्र उमटते. तेव्हापासून अशा चित्रफितींखाली एक मजकूर फिरतो: कातडी बांधणीच्या जुन्या पुस्तकांत पानोपानी चित्राचे तुकडे छापलेले असत, ही चित्रे गुपित म्हणून काढली जात, ती पुस्तकाच्याच काळातली असतात आणि ही कला आता लुप्त झाली आहे.

यात छपाईचा काहीही संबंध नाही. बांधलेल्या पुस्तकाची पाने पत्त्यांच्या जोडासारखी तिरकी सरकवून शिकंज्यात आवळतात आणि त्या उतरत्या कडेवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने जलरंग भरतात, कारण पाणी जास्त झाले की रंग पानांत झिरपतो. शिकंजा सोडल्यावर प्रत्येक पानाच्या काठाशी रंगाची केसभर रेघ उरते. मिटलेल्या पुस्तकाच्या सपाट कडेवर सोन्याचा वर्ख चढवला की चित्र दिसेनासे होते.

गुपिताचेही तसेच. अठराव्या शतकात इंग्लंडमधील हॅलिफॅक्सच्या एडवर्ड्स या पुस्तकबांधणी करणाऱ्या घराण्याने ही चित्रे लोकप्रिय केली ती हौशी गिऱ्हाइकांसाठी, आणि विषय होते निसर्गदृश्ये व जमीनदारांचे वाडे. त्याही आधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, चेझारे वेचेल्लिओ या चित्रकाराने इटलीतील पिल्लोने घराण्याच्या ग्रंथांच्या कडा उघडपणे रंगवल्या होत्या, कारण ते ग्रंथ फळीवर कडा बाहेर करूनच ठेवले जात.

कला लुप्त झाली म्हणावे, तर इंग्लंडमध्ये मार्टिन फ्रॉस्ट यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशी असंख्य चित्रे काढली आहेत.

खरी फसगत होते ती काळाच्या बाबतीत. वर्ख सपाट कडेवर आणि रंग पानाच्या काठालगतच्या पृष्ठभागावर असल्यामुळे, शंभर वर्षांपूर्वी वर्ख चढवलेल्या पुस्तकावरही तो वर्ख न बिघडवता नवे चित्र काढता येते. विसाव्या शतकात विक्रेत्यांनी हेच भरपूर करून घेतले; आज बाजारात दिसणाऱ्या चित्रांतली बरीचशी त्यांच्या पुस्तकांहून पुष्कळ तरुण आहेत. मुखपृष्ठाआतले प्रकाशनवर्ष त्यामुळे चित्राचा दाखला ठरत नाही. पाहायचे ते हे की रंग वर्खाखाली गेला आहे की वर्खाच्या काठावर चढला आहे, आणि १८०० सालच्या पुस्तकावर आगगाडी तर धावत नाही ना. लंडनच्या मिस करी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या चित्रांना सही आणि क्रमांक दिले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. बहुतेक चित्रकारांनी मात्र नाव मागे ठेवलेच नाही.